शब्द टाकावा का?

लालबागच्या आमच्या घराचं मालमत्ता कराचं बिल मला चुकीचं वाटतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "नगरसेवकांकडे जा, ते शब्द टाकतील." मन अडलं. १८८८च्या मुंबई महानगरपालिका कायद्याने अशा कराविरुद्धच्या अपिलासाठी धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयाचं दार ठेवलंय. मग मध्यस्थ कशाला?

मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवले. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठार लोकांना खुलं केलं. कथेत विठ्ठल विठू महार होऊन बीदरच्या दरबारात गेला; पण त्याने दामाजींसाठी माफी मागितली नाही, धान्याचं मोल चुकतं केलं. म्हणजे मध्यस्थ चालेल, पण त्याने सवलत मागू नये.

म्हणून मी नगरसेवकांकडे जाईन आणि एवढंच मागेन: फाइल तपासली जावी. ज्याची कुणाशी ओळख नाही त्यालाही मिळेल, तेवढंच मागणं धर्माचं. त्यापलीकडचं मागणं दुसऱ्याच्या वाट्यातलं असतं.