मल्लाचा वैरी की खुद्द मल्ल?

बेंगळुरूच्या मल्लेश्वरम भागाला नाव मिळालं ते काडु मल्लेश्वराच्या देवळामुळे. कन्नडमध्ये काडु म्हणजे रान. आजची वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला, प्लेगच्या काळात वाढली. देव त्याच्या कितीतरी आधीपासून रानात होता. या देवाला १६६९ साली एक गाव इनाम दिल्याची नोंद तिथल्या शिलालेखात आहे. देणारे एकोजी भोसले, म्हणजेच व्यंकोजी, शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू. लेखात देवाचं नाव आहे मल्लिकार्जुन.

इथे मराठी माणसाने जरा थबकायला हवं. आपल्याकडे जेजुरीचा देव मल्हारी आहे, आणि मल्हारीची फोड आपण ‘मल्ल’ अधिक ‘अरि’, मल्लाचा वैरी, अशी शिकलो आहोत. मग एका देशी मल्लाला मारणारा देव आणि पलीकडच्या देशी मल्ल हाच देव, हे कसं?

उत्तर शोधायचं तर दक्षिणेकडून निघावं लागतं. तमिळमध्ये मलै म्हणजे डोंगर. कन्नडमध्ये मले म्हणजे डोंगराळ रान, त्यावरूनच मलेनाडू. मल्लय्या, मल्लण्णा, मल्लप्पा ही नावं या डोंगरातून आली असावीत असं पुष्कळ अभ्यासकांना वाटतं, आणि मलाही ते पटतं. हे देव मुळात टेकडीवरचे, मेंढपाळांचे. श्रीशैलाला पोहोचेपर्यंत नावाला फुलं लागली. तिथे डोंगरावरचा देव मल्लिकार्जुन झाला आणि मल्लिका, म्हणजे मोगऱ्याच्या जातीचं फूल, कथेत शिरलं. एक राजकन्या या फुलांनी लिंगाची पूजा करायची, म्हणून देवाला हे नाव पडलं, असं सांगतात. बाराव्या शतकात अक्कमहादेवीने आपल्या वचनांची मुद्रिका ‘चेन्नमल्लिकार्जुन’ अशी ठेवली तेव्हा हा फुलांचा अर्थ कन्नड मनात कायमचा रुजला.

उत्तर कर्नाटकात याच देवाला मैलार म्हणतात. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर या अभ्यासकांनी मैलार, मल्लण्णा आणि खंडोबा यांचे धागे जुळवून दाखवले आहेत. पण मल्लाच्या वधाची गोष्ट संस्कृत ‘मल्हारी माहात्म्या’त येते, तेव्हा अर्थ पार उलटतो. मणी आणि मल्ल हे दैत्य, त्यांना मारणारा मार्तंडभैरव. मरताना मल्ल वर मागतो, की तुझ्या नावाआधी माझं नाव घेतलं जावं. माझ्या मते सगळी गोम या वरात आहे. देवाच्या नावात ‘मल्ल’ पुढे का, हा प्रश्न पडल्याशिवाय अशी सोय कुणी करून ठेवत नाही. नाव आधीचं, दैत्य नंतरचा.

आता अर्थ सोडा आणि संसार पाहा. जेजुरीच्या खंडोबाच्या मुख्य बायका दोन: म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक, बाणाई धनगराची. तेलंगणात कोमुरवेल्लीच्या मल्लण्णाच्याही दोन: मेडलम्मा लिंगबलिज घरातली, केतम्मा गोल्लांची, म्हणजे गुराख्या-मेंढपाळांची. नावाची व्युत्पत्ती प्रत्येक भाषेने आपल्या कानाला रुचेल तशी केली, पण व्यापारी आणि मेंढपाळ या दोन समाजांशी देवाची सोयरीक कुणीही मोडली नाही. देवाची ओळख या सोयरिकीतून जितकी पटते तितकी कोशातून पटत नाही. मुसलमान भक्तांनी त्याला मल्लू खान म्हटलं, तेव्हा त्यांनीही व्युत्पत्ती विचारली नव्हती.

भंडारा उधळताना आपण ‘येळकोट’ म्हणतो. कन्नडमध्ये एळु म्हणजे सात. एळुकोटी, सात कोटी. मैलारला याच गजराबरोबर ‘चांगमलो’ म्हणतात, आणि त्यात आपल्याला आपलं चांगभलं ऐकू येतं. मराठी माणूस देवाला कन्नडमधून हाक मारतो आणि कन्नड माणूस बहुधा मराठीतून!

माणसांच्या नावांतही हीच सरमिसळ आहे. होळचे मल्हारराव होळकर धनगराच्या घरातले, त्यांचं नाव सरळ खंडोबाचं. १९३१ च्या १२ जानेवारीला येरवड्यात फाशी गेलेले सोलापूरचे हुतात्मा मल्लप्पा धनशेट्टी आणि धारवाडजवळच्या मन्सूर गावचे मल्लिकार्जुन मन्सूर यांची नावं कन्नड वळणाची. मन्सूरांनी गाण्याची तालीम घेतली ती मिरजेत आणि मुंबईत. सोलापूर, मिरज, धारवाड या पट्ट्यात मल्लप्पा आणि मल्हारी एका गल्लीत राहतात आणि कुणाला त्यात विरोध दिसत नाही.

अलीकडे मात्र एक चौथा अर्थ आला आहे. शहरातल्या बाळांची नावं मल्हार ठेवताना आईवडलांच्या डोळ्यापुढे पावसाळी राग असतो. राग सुंदर आहे, तक्रार नाही. पण त्यामुळे खंडेराव, मार्तंड ही सख्खी नावं जुनाट ठरली आणि मल्हार तेवढं टिकलं. ते टिकलं त्यामागे भक्तीपेक्षा चालू फॅशनचा हात मोठा, हे मान्य करायला हवं.

बेंगळुरूत नोकरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांनी मल्लेश्वरमला बाजारहाट करायला जाताना देवळातला एकोजींचा तो शिलालेख जरूर पाहावा, आणि घरात मल्हार असेल तर त्यालाही बरोबर न्यावं.