ताटीबाहेर कोण उभे आहे?

आळंदीत विठ्ठलपंतांच्या चार मुलांना 'संन्याशाची पोरे' म्हणून हिणवले जाई. अशाच एका अपमानाने मन विटून ज्ञानोबा झोपडीची ताटी लावून आत बसले, असे परंपरा सांगते. धाकट्या मुक्ताबाईंनी ताटीबाहेर उभे राहून त्यांची समजूत घातली. ते ताटीचे अभंग आपण कीर्तनातून ऐकत आलो आहोत.

आज कारंजा तालुक्यातल्या धनजसारख्या गावातही मोबाईल मुलांच्या हाती आला आहे. पूर्वीचे चिडवणे निदान उंबरठ्यापाशी थांबे. आता फोटोची विटंबना होते, खोट्या नावाने खाते निघते, आणि ती निंदा अंथरुणापर्यंत येते. ताटी लावली तरी ती आतच असते.

अशा वेळी आपण भाविक माणसे पटकन म्हणतो, "संतांनी किती सोसले, तूही सोस." हा उपदेश खरा आहे का? मुक्ताबाईंनीही क्षमेचाच बोध केला. पण तो योग्याच्या अधिकाराला केलेला बोध होता, आणि करणारीनेही तोच अपमान भोगला होता. अंगावर थुंकणाऱ्याला नाथबाबांनी क्षमा केली, ती स्वतःच्या अंगावरची. लेकराच्या अपमानाची क्षमा आपण परस्पर देऊन टाकली, तर ती क्षमा नव्हे. ती आपली जबाबदारीतून सुटका.

लेकरू गप्प झाले, जेवणावरून उठू लागले, तर जवळ बसावे. "मोबाईलच काढून घेतो" असे म्हणू नये. त्या धाकानेच मुले दुःख लपवतात. आलेले संदेश पुसू न देता जपून ठेवावेत, शाळेला सांगावे. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. धमकी असेल किंवा अश्लील चित्र पसरवले असेल, तर पोलिसांत जावे. त्यात क्षमाधर्म बुडत नाही. मनात द्वेष न धरताही अन्याय थांबवता येतो.

आणि हिणवणारे पोर आपल्याच घरचे निघाले तर? त्याला झाकू नये, झोडपूही नये. ज्याचे मन दुखावले त्याच्यासमोर त्याला उभे करावे. पण त्याआधी आपण आपला फोन पाहावा. कुणाच्या फजितीचा व्हिडिओ हसत पुढे पाठवणाऱ्या माळकऱ्याच्या घरात पोर दुसरे काय शिकणार? परनिंदा टाळणे हाही माळेचाच नेम आहे.

वारीत भेटेल त्या लेकरालाही आपण 'माउली' म्हणतो. त्या शब्दाची लाज राखायची, तर बंद ताटीबाहेर कुणीतरी उभे असले पाहिजे.

रामकृष्ण हरी.