चढावरची फियाट आणि मागच्याची वाट

रत्नागिरीहून शिरगाव, आरे-वारे आणि नेवरे या गावांवरून गणपतीपुळ्याकडे जाणारा किनारी रस्ता निवळी फाट्यावरून जाणाऱ्या आतल्या रस्त्यापेक्षा अंतराने कमी आणि चढउतारांनी अधिक आहे. एका बाजूला डोंगराची कड आणि दुसऱ्या बाजूला खाली फुटणारी लाट अशा या रस्त्यावरून जुन्या, कमी शक्तीच्या मोटारीने सावकाश जाण्यात आनंद आहे, हे बहुतेकांना मान्य होते. वाद सुरू होतो तो त्या आनंदाच्या किमतीवरून. रस्ता अरुंद असेल, मागे इतरांच्या गाड्या साचल्या असतील आणि त्यांपैकी कोणी निकडीच्या कामाला निघाला असेल, तर एकाच्या सावकाशीची किंमत दुसऱ्याच्या वेळातून वसूल होते, आणि अशी किंमत घेण्याचा अधिकार पुढच्याला कोणी दिला, असा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाचा विचार येथे संवादाच्या रूपाने केला आहे. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. सत्याच्या शोधासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करते ती वितंडा. येथील दोन कल्पित व्यक्तींमध्ये चालतो तो पहिल्या प्रकारचा वाद आहे. मामा भूगोलाचे निवृत्त शिक्षक असून त्यांच्याकडे जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. भाचीने वाहन अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आहे, आणि मामांच्या गाडीवर तिचा जीव असला तरी त्यांच्या तर्कावर तिचा विश्वास नाही.

ही गाडी मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होत असे. 1964 साली ती फियाट 1100 डिलाइट या नावाने आली आणि सत्तरच्या दशकात तिचे नाव पद्मिनी झाले, तरी मराठी घरांत तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटले गेले. तिच्या इंजिनाचे आकारमान, म्हणजे चारही सिलिंडरांत दट्ट्यांच्या हालचालीने मोकळी होणारी एकूण जागा, 1089 घनसेंटिमीटर आहे आणि शक्ती सुमारे 40 अश्वशक्ती. आजच्या साध्या हॅचबॅकचे वजन जवळपास या गाडीइतकेच असते, पण शक्ती दुप्पट. अश्वशक्ती हे काम करण्याच्या वेगाचे माप असल्यामुळे हा फरक सपाटीवर फारसा जाणवत नाही. चढावर मात्र गाडीचे सगळे वजन वर उचलावे लागते आणि तेथे तो उघडा पडतो. भाचीने मांडलेला हिशेब असा की, माणसे आणि सामान धरून 1200 किलोंची गाडी दहा मीटरला एक मीटर उंची गाठणाऱ्या चढावर चढत असेल, आणि चाकांपर्यंत इंजिनाची सुमारे साठ टक्के शक्ती पोहोचत असेल, तर कागदावर तिचा वेग ताशी 45 ते 50 किलोमीटर निघतो; वळणे, खड्डे आणि इंजिनाचे वय त्यात मिळवले की हातात पंचवीस-तीस उरतात.

मामांचा पूर्वपक्ष या पंचवीस-तीसवरच उभा आहे. कोकणातला सडा, म्हणजे जांभ्याच्या दगडाचे उघडे, सपाट पठार, वेगाने जाणाऱ्याला ओसाड वाटतो. पण श्रावण-भाद्रपदात त्याच कातळावर वितभर उंचीची फुले दाटलेली असतात आणि ती दिसण्यासाठी गाडी हळू चालावी लागते, असे त्यांचे म्हणणे आहे. आधाराला ते इंग्लंडच्या जॉन रस्किन यांचे मत देतात. एकोणिसाव्या शतकात रेल्वे नवी असताना तिने प्रवाशाचे चालतेबोलते पार्सल केले, अशी तक्रार रस्किन यांनी नोंदवली होती. शिवाय ते रत्नागिरीच्या कातळशिल्पांचा दाखला पुढे करतात. सड्यांवर कोरलेली प्राण्यांची आणि माणसांची ही प्राचीन चित्रे 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, पण त्याआधी कित्येक वर्षे त्यांच्या जवळून गाड्या धावत होत्या आणि गाडीतल्या कोणाला ती दिसली नव्हती.

भाचीने हा दाखला तेथेच अडवला. "मामा, ती चित्रे हळू चालणाऱ्या गाडीतूनही कोणाला दिसली नाहीत. अभ्यासक सड्यावर पायी हिंडले, गुराख्यांना विचारत राहिले, तेव्हा ती हाती लागली. ताशी पंचवीस हा पाहण्याचा वेग असेल, तर ताशी चार का नाही? तुम्ही चालत का जात नाही?"

हा आक्षेप वरवर चतुराईचा वाटला तरी त्याने पूर्वपक्षाचा पाया बदलायला लावला, आणि या संवादातले हे सर्वांत मोलाचे वळण आहे. आनंद वेगाच्या आकड्यात असता तर पायी चालणारा सर्वांत सुखी ठरला असता आणि नव्या गाडीत बसून मुद्दाम हळू जाणाऱ्यालाही तेच सुख मिळाले असते. मामांनी दोन्ही गोष्टी नाकारल्या आणि मग नेमका मुद्दा मांडला. बलवान गाडी चढ पुसून टाकते. पाऊल जरासे दाबले की डोंगर आणि सपाटी यांत शरीराला भेद उरत नाही. दुर्बळ गाडीत मात्र चढ आधी कानाला कळतो, मग स्टिअरिंगच्या दांडीवरचा गिअर खाली घेणाऱ्या हाताला कळतो, मग पाण्याच्या तापमानाच्या काट्याकडे जाणाऱ्या डोळ्याला कळतो. आरे-वारेची चढण किती आहे, याचे ज्ञान त्या गाडीतल्या माणसाला होते तसे दुसऱ्या गाडीतल्याला होत नाही. "गाडी थकते, तेव्हा डोंगर उंच आहे हे पटते," असे त्यांनी सांगितले, आणि भूगोल शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने हे म्हणावे यात एक प्रकारची पूर्णता आहे. येथे मर्यादा हीच जाणण्याचे साधन होते. भाचीने हे मान्य केले आणि पुढे कधीही मागे घेतले नाही.

तिचा उत्तरपक्ष निराळ्या बाजूने आला. त्या रस्त्यावर मागे कोण असते, हे तिने विचारले. मिरकरवाड्याच्या बंदरातून बर्फात घातलेली मासळी घेऊन निघालेला टेम्पो असतो, चैत्र-वैशाखात आंब्याच्या पेट्या भरलेली गाडी असते, जिल्हा रुग्णालयात तपासणीला निघालेल्या म्हातारीची एसटी असते. या कोणासाठीही तो रस्ता देखावा नाही. मामांनी त्यावर वाहतुकीच्या नियमाचा आधार घेतला. डोंगरी रस्ता पुरेसा रुंद नसेल तेथे उतरणाऱ्या वाहनाने चढणाऱ्याला आधी जाऊ द्यावे, असा नियम आहे. म्हणजे कष्टाने वर येणाऱ्याचा मान कायद्यानेही ठेवला आहे. नियम खरा आहे, पण भाचीने त्याची कक्षा दाखवून दिली. उतरणाऱ्याच्या पाठीशी गुरुत्वाकर्षण असते, त्याला थांबून पुन्हा निघणे सोपे असते, म्हणून तो नियम समोरून येणाऱ्याला बांधतो. मागून येणारा तर स्वतःही चढच चढत असतो, त्याच्यावर पुढच्याचा हा हक्क कसा पोहोचणार?

येथे मामांनी स्वतःच्या बाजूने एक कळकळीचा युक्तिवाद केला की, सावकाशी चांगली असेल तर ती मागच्यालाही थोडीशी मिळाली म्हणून काय बिघडते. त्यालाही समुद्र दिसतोच. या युक्तिवादाला उत्तर शोधायला रत्नागिरीबाहेर जावे लागत नाही. ब्रह्मदेशाचा राजा थिबा 1885 साली पदच्युत झाला, 1886 मध्ये त्याला रत्नागिरीत आणून ठेवले गेले, 1910 साली त्याच्यासाठी खाडी आणि समुद्र दिसणाऱ्या उंचवट्यावर राजवाडा बांधला गेला आणि 1916 साली तो येथेच वारला. त्या राजवाड्यातून त्याच्यासमोर जे दृश्य होते ते पाहायला आज लोक दुरून येतात. दृश्य तेच, समुद्र तोच. पण तेथून निघून जाण्याची मुभा त्याला नव्हती. निवडलेली मर्यादा आणि लादलेली मर्यादा बाहेरून सारख्या दिसतात, आतून त्यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो. फियाटमधल्या माणसाने सावकाशी निवडलेली असते. टेम्पोचालकावर ती लादली जाते, आणि मासळीवरचा बर्फ वितळत असताना त्याला सूर्यास्त सुंदर आहे असे सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे. या मुद्द्यावर तडजोडीला जागा दिसत नाही.

मराठीत वाट पाहणे हा शब्दप्रयोग थांबून राहण्यासाठी रूढ आहे. पुढच्या गाडीतला माणूस शब्दशः वाट पाहत असतो, तिची वळणे, तिच्या कडेची सुरूची झाडे पाहत असतो; आणि त्याच वेळी मागचा दुसऱ्या अर्थाने वाट पाहतो. हे भाचीने मांडले तेव्हा मामांनी त्याच शब्दकुळातला वाट देणे हा तिसरा प्रयोग पुढे आणला. रुग्णवाहिकेला वाट देणे ऐच्छिक नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ती न दिल्याबद्दल दहा हजार रुपये दंड आहे. इतरांना वाट देणे मात्र चालकाच्या विवेकावर आहे. मामांचा प्रस्ताव असा की मागे दोन गाड्या दिसल्या की कडेला जागा मिळेल तेथे थांबायचे, आणि तसे थांबणे या गाडीला जडही जात नाही. तिच्या रेडिएटरचा पंखा पट्ट्याने इंजिनावरच फिरतो. चढावर गाडी मंद झाली की समोरून येणारा वारा कमी होतो, इंजिन रेंगाळले की पंखाही मंदावतो, आणि नेमके तेव्हाच इंजिन सर्वाधिक तापते. म्हणजे थांबण्याची गरज गाडीलाही असते. भाचीला हा प्रस्ताव आवडला, मात्र त्यातली एक अट तिने स्पष्ट करून घेतली. गाडी तापली म्हणून थांबणे आणि मागच्यासाठी थांबणे या निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट इंजिन थंड असतानाही झाली पाहिजे.

यानंतर निघालेला गाडीच्या धुराचा प्रश्न त्यामानाने लवकर मिटला. या गाडीला कार्बोरेटर आहे, धूर निवळणारा उत्प्रेरक परिवर्तक नाही, आणि 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या मापाने ती कोठेच बसत नाही. वर्षाकाठी थोडेच चालवल्याने एकूण धूर कमी होतो, पण जेवढा होतो तेवढा वाईटच असतो, हे मामांनी वाद न घालता स्वीकारले. सुरक्षिततेच्या प्रश्नावर मात्र भाची हटली नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढतो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम मामा कसोशीने पाळतात, कारण इंजिनाचा अवरोध वापरला नाही तर सतत दाबलेले ड्रम ब्रेक तापून त्यांची पकड सुटते. पण नियम पाळणारा चालक एकटाच रस्त्यावर नसतो. समोरच्याची चूक झाली तर जुन्या पत्र्याच्या त्या गाडीत मागे बसलेल्या मुलांना वाचवणारे काही नाही. "तुम्ही तुमचा जीव पणाला लावा, मामा, नातवंडांचा नाही," असे तिने म्हटले. यावर मामा गप्प राहिले, आणि त्यांचे गप्प राहणे योग्य होते.

असे असूनही भाचीचा निष्कर्ष गाडी मोडीत काढावी असा नाही. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे काळीपिवळी पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, आणि दिवसभर माणसांच्या गर्दीत धावणाऱ्या वाहनासाठी ती मर्यादा तिला रास्त वाटते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी, तपासणी करून, पुढच्या पाच वर्षांसाठी नव्याने करता येते. 2022 साली त्याचे शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपये झाले होते. लागेल ते शुल्क मामांनी द्यावे आणि गाडी राखावी, असे तिचे मत आहे, कारण चढ कळण्याचे ते साधन गेले तर त्याची जागा घेणारे दुसरे काही तिच्या अभियांत्रिकीत नाही.

दोघांचे एकमत न झालेला प्रश्न जयगडच्या धक्क्यावरचा आहे. गणपतीपुळे, मालगुंड करत रस्ता शास्त्री नदीच्या मुखाशी येऊन थांबतो आणि पलीकडच्या तवसाळला जाण्यासाठी फेरीबोट घ्यावी लागते. तेथे दुप्पट शक्तीची गाडी आणि फियाट एकाच रांगेत, इंजिन बंद करून, हातब्रेक ओढून उभ्या राहतात. मासळीचा टेम्पोही थांबतो, आणि बोट खाडीतून तिच्या गतीने येते. तेथेही सावकाशी सर्वांवर लादलेलीच असते, पण कोणाला कोणाचा राग येत नाही, माणसे गाडीतून उतरून कठड्याशी उभी राहतात. मामांच्या मते हे त्या पाण्याचे सामर्थ्य आहे. भाचीच्या मते कारण इतकेच की तेथे कोणी कोणाच्या पुढे आडवे आलेले नाही. बोट लागेपर्यंत दोघांनीही आपापले मत सोडले नाही.