परमुलखाची गाडी आणि यात्रेचे पुण्य

तीर्थयात्रेचे पुण्य चालण्याच्या कष्टात असते की देवापुढे पोहोचण्यात, हा प्रश्न धर्मशास्त्रात आगगाडीच्या कितीतरी आधीचा आहे. परभणी जिल्ह्यातील भाविकांपुढे मात्र तो निजाम संस्थानचा मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग 1900 च्या सुमारास सुरू झाल्यावर नव्याने उभा राहिला. परभणी तेव्हा हैदराबाद संस्थानात होती आणि पंढरपूर इंग्रजी अमलाखालच्या सोलापूर जिल्ह्यात, त्यामुळे विठ्ठलदर्शनासाठी प्रथमच गाडीत बसणारा सेलूचा शेतकरी खऱ्या अर्थाने परमुलखात निघालेला असे.

मत्स्यपुराणातील प्रयागमाहात्म्यात यानाने, म्हणजे वाहनाने, केलेली यात्रा निष्फळ ठरवली आहे. पण ऐश्वर्य, लोभ किंवा मोह यांपोटी वाहनात बसणाऱ्याविषयी ते विधान आहे, हे सोयीस्करपणे विसरले जाते. महाभारताच्या वनपर्वात तर ज्याचे हात, पाय आणि मन संयमात आहेत त्यालाच तीर्थाचे फळ मिळते असे म्हटले आहे, आणि तेथे चाकांचा प्रश्नच उद्भवत नाही. निषेधाचा रोख वाहनावर नसून वाहनामुळे येणाऱ्या बडेजावावर आहे, असाच या दोन्ही वचनांचा एकत्र अर्थ लावणे युक्त आहे.

आता या निकषावर तो प्रवास तपासावा. संस्थानात हाली रुपया चाले आणि इंग्रजी मुलखात कलदार; शंभर कलदारांना सुमारे 116 हाली मोजावे लागत, म्हणून हद्द ओलांडण्याआधी सराफाकडून नाणे बदलून घेणे हे नवख्या यात्रेकरूचे पहिले शहाणपण होते. परभणीहून येणारी मीटरमापी गाडी मनमाडला संपे. तेथे वळकटी डोक्यावर घेऊन दौंडमार्गे कुर्डुवाडीकडे नेणारी रुंद मार्गाची गाडी शोधावी लागे, आणि कुर्डुवाडीला पुन्हा उतरून, 1906 मध्ये पंढरपूरपर्यंत पोहोचलेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांवरील छोट्या गाडीत शिरावे लागे. एका देवासाठी तीन मापांचे रूळ! तिकीट कनवटीला जपणे, उतरण्याचे ठिकाण चार जणांना विचारून घेणे, तिसऱ्या वर्गाच्या बाकावर शेजारी कोण बसला आहे याची विचारणा न करणे, हे सारे त्याला करावेच लागे. आणि जो पदोपदी अनोळखी माणसाच्या सांगण्यावर विसंबून आहे, त्याच्या ठायी ऐश्वर्याचा ताठा उरायला जागा फारशी नसते.

महात्मा गांधींनी 1909 च्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये याच्या नेमके उलट मत मांडले: पूर्वी मोठ्या कष्टाने जावे लागे म्हणून खरे भक्तच क्षेत्री जात, रेल्वेने मात्र लबाडांचीही सोय केली आणि पवित्र स्थाने अपवित्र झाली. हा आक्षेप वजनदार असला तरी एकांगी आहे, कारण कष्टाची चाळण लबाडाबरोबर म्हातारीला, पांगळ्याला आणि सुगीतून चारच दिवस मोकळ्या होणाऱ्या मजुरालाही बाहेर ठेवत होती. भक्ती पायांच्या बळावर मोजायची, तर ती तरुण आणि धडधाकट माणसांचीच मिरास ठरेल, आणि संत जनाबाईंचे गाव गंगाखेड ज्या जिल्ह्यात आहे तेथे हे पटणे कठीण आहे.

तरीही एक भेद मान्य करावाच लागतो. वारी, म्हणजे ठरलेल्या तिथीला नेमाने केलेले पंढरीचे जाणे-येणे, हे वारकऱ्यांच्या दृष्टीने निव्वळ दर्शन नव्हे. दिंडीत शेजाऱ्याच्या पावलाशी पाऊल जुळवून नाम घेणे हीच तेथे उपासना असते, आणि ती डब्यात बसून पुरती होत नाही. तेव्हा गाडीने गेलेल्याचे दर्शन तसूभरही उणे नाही, पण पायी दिंडीची जागा ते घेऊ शकत नाही, असा निवाडा करणे रास्त होय. परभणी आणि गंगाखेड ही दोन्ही गावे लोहमार्गावर आहेत, आणि शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी आजही या दोन्ही गावांतून पायीच पंढरपूरला जाते.