आरंभाचा अधिकार

दक्षिण कोलकात्यातील बालीगंजमध्ये शाळेचे नवे वर्ष दोनदा उजाडते. पश्चिम बंगालच्या राज्य मंडळाचे वर्ष जानेवारीत सुरू होऊन डिसेंबरात संपते. १९१४ची जगद्बंधू इन्स्टिट्यूशन, १९२७चे बालीगंज गव्हर्न्मेंट हायस्कूल अशा जुन्या शाळा याच हिशेबाने चालतात. केंद्रीय मंडळाच्या शाळांचे नवे वर्ग मात्र एप्रिलमध्ये भरतात. १९५४ साली निघालेली साउथ पॉइंट ही शाळा तर आधी राज्य मंडळाची होती आणि पुढे केंद्रीय मंडळाकडे गेली. त्यामुळे एकाच इमारतीत राहणाऱ्या दोन समवयस्क मुलांपैकी एकाच्या नव्या पुस्तकांचे कोपरे दुमडू लागलेले असतात, तेव्हा दुसरा अजून वार्षिक परीक्षेची उजळणी करत असतो.

शिक्षण खात्याच्या दृष्टीने हा सोयीचा भाग आहे. जुन्या वर्षाचे निकाल लावायचे, तुकड्या पाडायच्या, वेळापत्रक बसवायचे आणि २ जानेवारीच्या ‘बुक डे’ला सरकारी व अनुदानित शाळांतून पाठ्यपुस्तके वाटायची, इतके झाले की वर्ष लागले. धर्मशास्त्राने आणि दर्शनांनी मात्र या साध्या गोष्टीत एक अवघड प्रश्न पाहिला आहे. अध्ययनाचा आरंभ नेमका कशाने होतो: तिथीने, विधीने, की शिकणाऱ्याच्या तयारीने? आणि तो आरंभ करण्याचा अधिकार कोणाला?

वेदपाठशाळेचे वर्ष श्रावणात सुरू होई. त्या विधीला उपाकर्म म्हणतात. महाराष्ट्रात तो ‘श्रावणी’ या नावाने ओळखला जातो. तिथेही सर्वांचा दिवस एक नव्हता. ऋग्वेदी श्रवण नक्षत्र पाहत, यजुर्वेदी पौर्णिमा धरत, तर सामवेदी भाद्रपदातल्या हस्त नक्षत्रापर्यंत थांबत. ज्याची शाखा त्याचा वर्षारंभ. बालीगंजमधल्या दोन मंडळांच्या दोन तारखा या जुन्या व्यवस्थेला परक्या वाटल्या नसत्या. मनुस्मृती या सत्राची मुदत साडेचार महिने सांगते. पौषात किंवा माघाच्या शुद्ध प्रतिपदेला उत्सर्जन, म्हणजे सत्राचा समारोप. त्यानंतरही अध्ययन पूर्ण थांबत नसे. शुद्ध पक्षात वेद आणि वद्य पक्षात वेदांगे अशी वाटणी होती. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या इतिहासात उपाकर्म, उत्सर्जन आणि अनध्याय यांची तपशीलवार मांडणी केली आहे. ती वाचताना ध्यानात येते, की गडगडाट झाला तर किंवा गावात कोणी वारले तर पाठ बंद ठेवण्यापर्यंतचे नियम करणाऱ्या या लोकांनी शिकण्याच्या वेळेचा फार बारकाईने विचार केला होता.

या विधीमागची कल्पना त्याच्या तारखांपेक्षा मोलाची आहे. वर्षभर म्हटलेले मंत्र वापराने शिळे होतात, त्यांचे तेज उणावते, आणि उपाकर्म-उत्सर्जनाने ते पुन्हा ताजे होतात, अशी धारणा होती. श्रावणीच्या संकल्पात हे सरळ बोलून दाखवले जाते. गेल्या वर्षात अध्ययनात जे चुकले, जे राहिले, त्याचे प्रायश्चित्त आधी, ऋषींचे तर्पण त्यानंतर आणि नव्या पाठाची सुरुवात शेवटी. ज्या ज्ञानाला अपौरुषेय आणि नित्य मानले, त्यालाही शिकणाऱ्याच्या तोंडी शिळेपण येते, हे मान्य करायला मोठे धैर्य लागते. ज्ञान नित्य असेल. ते घेणारे मन नित्य नसते. म्हणून वर्षारंभ ज्ञानासाठी नसून मनासाठी आहे, आणि मागची बाकी चुकती केल्याशिवाय तो पुरा होत नाही.

लहान मुलाचा आरंभ याहून वेगळा. अक्षरांची ओळख करून देणारा विद्यारंभ हा संस्कार गृह्यसूत्रांत नाही. तो नंतरच्या ग्रंथांत येतो आणि त्यासाठी मुलाचे पाचवे वर्ष सांगितलेले असते. बंगालमध्ये तोच ‘हातेखडी’ म्हणून माघ शुद्ध पंचमीला, सरस्वतीपूजेच्या दिवशी होतो. बालीगंजच्या घरांत, गल्लीतल्या मंडपांत आणि शाळांच्या सभागृहांत मूर्तीपुढे पुस्तके, दौत आणि बोरू मांडतात. मुलाला पिवळे कपडे घालतात. पुरोहित किंवा घरातले वडीलधारे त्याला मांडीवर घेतात, मुठीत खडूचा तुकडा देतात आणि त्याची मूठ आपल्या हातात धरून पाटीवर पहिले अक्षर काढतात. अक्षर वेडेवाकडे येते, कधी मूल रडते, खडू टाकून देते. तरी आरंभ झालेला असतो. मोठी मुले त्या दिवशी पुस्तक उघडतच नाहीत, कारण पुस्तके देवीपाशी असतात. महाराष्ट्रात दसऱ्याला पाटीपूजन होते, आणि एकच्या आकड्यांनी पाटीवर रेखाटलेली सरस्वती कितीतरी मराठी घरांत अजून काढली जाते. या दोन्ही विधींत मुलाची परीक्षा कुठेच नाही. हात मोठ्याचा, अक्षर मोठ्याचे. मुलाने फक्त मूठ द्यायची.

इथे दर्शनांचा प्रश्न उभा राहतो. वेदान्तसूत्रांच्या आरंभीच भाष्यकारांचा वाद आहे, की ब्रह्माचा विचार कोणी आणि कशानंतर सुरू करावा. शंकराचार्यांच्या मते विवेक, वैराग्य, शमदमादी संपत्ती आणि मुमुक्षुत्व ही चार साधने अंगी आल्यानंतर. रामानुजाचार्य म्हणतात, कर्मकांडाचा विचार पुरा झाल्यानंतर. मतभेद असला तरी दोघांनाही पूर्वतयारी हवीच आहे. पात्रतेवाचून आरंभ निष्फळ. मोक्षविद्येपुरते हे म्हणणे समजण्यासारखे आहे. ज्याला प्रश्नच पडलेला नाही, त्याला उत्तर देऊन काय उपयोग? पण हाच विचार अक्षराच्या दाराशी आणला की अन्याय होतो, कारण तिथे पात्रता ही आरंभातूनच जन्मते. अक्षर न आलेल्याकडे अक्षराची योग्यता मागायची कशी?

इतिहासात नेमके तेच घडले. उपाकर्म उपनयन झालेल्यांचे, आणि उपनयन तीन वर्णांतल्या पुरुषांचे. शांकरभाष्यातही शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाकारलेला आहे; इतिहास-पुराणांच्या द्वारे ज्ञान मिळवण्याची मुभा तेवढी ठेवली आहे. या व्यवस्थेला मराठीत मोठा आक्षेप ज्ञानेश्वरांनी घेतला. १२९०च्या ‘ज्ञानेश्वरी’त, अठराव्या अध्यायात, त्यांनी वेदाला कृपण ठरवले आहे, कारण तो तीनच वर्णांच्या कानी लागला; ती उणीव गीतेने भरून काढली असे ते मांडतात. पुढे सहा शतकांनी, १८८२ साली, जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली, तेव्हा अधिकाराचा हा प्रश्न धर्मशास्त्रातून राज्यकारभारात आला.

त्याचा निकाल एकदा कोलकात्यातच लागला होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा राजधानी अजून कोलकात्यातच होती. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी टप्प्याटप्प्याने सक्ती आणावी, एवढेच मागणे होते. वर्षभराने ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. बालीगंजच्या शेजारी, भवानीपूरच्या हरीश मुखर्जी रोडवर, गोखल्यांच्या नावाची मुलींची शाळा आहे. सरला राय यांनी ती १९२० मध्ये काढली. सभागृहात हरलेल्या माणसाचे नाव त्याच शहरात मुलींच्या शाळेला मिळावे, यापेक्षा चांगले स्मारक शोधून सापडले नसते.

गोखल्यांची मागणी देशभराच्या कायद्यात यायला शंभर वर्षे लागली. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क आहे. प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेण्यास कायद्याने मनाई आहे. बंगालच्या सरकारी शाळांत अर्ज जागांहून जास्त आले की सोडत काढतात. बाहेर राहिलेल्या मुलाच्या आईबापांना ती दैवाची थट्टा वाटते, आणि त्यांचे दुःख खरे आहे; पुरेशा चांगल्या शाळा नसल्याचा तो पुरावाच आहे. तरी पाच-सहा वर्षांच्या मुलाची लायकी मोजण्यापेक्षा चिठ्ठी न्याय्य ठरते. ती मुलाबद्दल काहीच म्हणत नाही. हातेखडीच्या पाटीवर जे तत्त्व आहे, तेच या मनाईत आहे: आरंभ आधी, पात्रता मागाहून.

मात्र आरंभ दिला की काम संपले, असे नाही. नुसत्या आरंभाची उणीव कोविडच्या महासाथीत उघडी पडली. जानेवारी २०२० मध्ये बालीगंजच्या एखाद्या सरकारी शाळेत पहिलीत बसलेले मूल अडीच महिन्यांत घरी गेले. तारखेप्रमाणे त्याचे नवे वर्ष जानेवारी २०२१ मध्ये लागले, जानेवारी २०२२ मध्येही लागले. आठवी ते बारावीचे वर्ग ३ फेब्रुवारी २०२२ रोजी, सरस्वतीपूजेच्या दोन दिवस आधी उघडले. लहानांसाठी ७ फेब्रुवारीपासून ‘पाडाय शिक्षालय’ म्हणजे मोहल्ल्यातल्या मोकळ्या जागेत भरणारी शाळा सुरू झाली, आणि प्राथमिक शाळा त्यानंतर दीड आठवड्याने उघडल्या. पहिलीतून गेलेले मूल तिसरीत परत आले. कागदावरची दोन वर्षारंभांची नोंद त्याच्या वाचनात कुठेच दिसणार नव्हती.

श्रावणीच्या संकल्पातली मागची बाकी इथे उपयोगी पडते. मागचे न भागवता पुढे ढकललेले मूल आणि मागचे राहिले म्हणून त्याच वर्गात डांबलेले मूल, दोघांच्या वाट्याला आरंभ येत नाही. एकाला तो पोकळ मिळतो, दुसऱ्याला नाकारला जातो. आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचे नाही, हा २००९च्या कायद्याचा मूळ नियम होता. २०१९च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत नापास झालेल्यांना जादा शिकवणी आणि दोन महिन्यांत फेरपरीक्षा ठेवली, आणि त्यातही न निभावल्यास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. वाद बहुधा या शेवटच्या मुभेवरच होतो. खरे तर त्याच कायद्याचे चौथे कलम जास्त मोलाचे आहे. उशिरा दाखल झालेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवावे आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क त्याला असावा, असे ते सांगते. वर्ग वयाने ठरतो आणि बाकी शाळेने भरायची, मुलाने नव्हे. महाराष्ट्राने १ जुलै २०२१ पासून पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यास ठेवला, तो याच धर्तीचा होता. त्यात मागच्या इयत्तेची उजळणी आधी आणि चालू इयत्तेचे पहिले पान नंतर, असा क्रम होता.