आजींना कूलर लावा, नातवाचा एसी थोडा बंद करा



वैशाख लागला की आपल्या सगळ्या ग्रुपवर एकच विषय. कोणी लिहितं, "एसी म्हणजे विष, साधकानं हातही लावू नये." लगेच दुसऱ्याचं उत्तर येतं, "४५ डिग्रीत बसून दाखवा मग." या आठवड्यात लश्करमधल्या एका ताईंचा प्रश्न आला, म्हणून आज यावरच लिहितो आहोत. त्यांच्या सासूबाई ७८ वर्षांच्या. त्यांनी ठरवलंय की नौतपा संपेपर्यंत कूलर नको, हेच आपलं तप. आणि त्याच घरात १६ वर्षांचा नातू दिवसभर १८ वर एसी लावून, वर पांघरूण घेऊन बसलेला. ताई विचारतात, कोणाला काय सांगू?

आधी सासूबाईंचं. ताई, आजच कूलर लावा. वाट पाहू नका.

तितिक्षा हा शब्द आपण सत्संगात अनेकदा ऐकला आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला सांगतात की थंडी-ऊन येतं आणि जातं, ते सोसावं. बरोबर. पण सतराव्या अध्यायात तेच भगवंत हेही सांगतात की जे शास्त्र सोडून हट्टानं देहाला पिडतात, ते आत बसलेल्या मलाच पिडतात. आणि सहाव्यात युक्त आहार, युक्त विहार आहेच. तिन्ही एकत्र वाचायला हवं ना! आपल्या सोयीचा एकच श्लोक फॉरवर्ड करून कसं चालेल?

आता शरीराचं बघू. ही देवानं दिलेली मोठी नवलाची सोय आहे. निरोगी माणूस रोज थोडा वेळ उन्हाळ्यात वावरला, अंगाला घाम येऊ दिला, तर साधारण एक-दोन आठवड्यांत देह स्वतःला बदलतो. घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, त्यातून मीठ कमी जातं. रक्तातलं पाणी वाढतं, त्यामुळे तेच काम करताना छातीची धडधड कमी होते. पण ही कमाई टिकाऊ नाही. तीन-चार आठवडे पूर्ण गारव्यात काढले की बरीचशी ओसरते. रियाज सुटलेल्या गळ्यासारखंच, ग्वाल्हेरकरांना हे वेगळं सांगायला नको.

म्हातारपणी मात्र घाम कमी येतो, तहान लागल्याचंही नीट कळत नाही. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होऊन अंगातलं पाणी आणखी कमी होतं. म्हणून वृद्ध, तान्ही बाळं, गरोदर बायका, हृदयाचे किंवा किडनीचे रुग्ण यांनी हा प्रयोग करायचाच नाही. आजींना नेम हवाच असेल तर उन्हाबद्दल कुरकुर न करण्याचा घ्यावा. तितिक्षेचा खरा अर्थ तोच, तक्रार न करता सोसणं. तो कूलरसमोर बसूनही पाळता येतो (आणि जास्त कठीण आहे!).

गारवा शोधणं हे काही आजचं पाप नाही. आपल्या किल्ल्यावर मानमंदिर बघितलंय ना? राजा मानसिंह तोमर, राज्य १४८६ ते १५१६. त्या महालाखाली दोन मजले जमिनीत आहेत, उन्हाळ्यासाठीच. पुढे मुघलांनी तिथे कैदी ठेवले, ती गोष्ट वेगळी. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती, वाळ्याचे पडदे, माठ हे सगळं गारव्यासाठीच. माठ, वाळा, कूलर आणि आपला घाम चौघांचं काम एकच, पाणी उडतं आणि उष्णता घेऊन जातं. म्हणून कोरड्या लूमध्ये कूलर छान चालतो आणि पाऊस पडून हवा दमट झाली की तोही चिकचिक करतो, घामही वाळत नाही. फरक एवढाच की त्या सोयींत देहाला थोडं काम उरत होतं. १८ च्या बंद खोलीत काहीच उरत नाही.

म्हणून नातवासाठी. सूर्य २५ मेच्या सुमारास रोहिणीत जाईल, तोवर वेळ आहे. सकाळी ऊन चढण्याआधी अर्धा-पाऊण तास चालणं, मग हळूहळू वाढवणं. बाहेर जाताना पाणी, आल्यावर पन्हं. एसी २६-२७ वर, सोबत पंखा. २०२० पासून नवे एसी सुरूच २४ वर होतात, त्याला खाली ओढायची गरज काय? दुपारी १२ ते ४ मात्र कोणीही शौर्य दाखवू नये. आषाढी वारीला येणाऱ्यांनी तर हे आत्तापासूनच करा. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर आहे, तिथे रिमोट नसतो.

कोणी उन्हानं बरळू लागलं, अंग तापलं, शुद्ध हरपू लागली तर घरगुती उपाय करत बसू नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

एक अजून. आपल्या एसीची गरम हवा शेजारच्या खिडकीत किंवा गल्लीत उभ्या ई-रिक्शावाल्याच्या तोंडावर जाते. ज्यांच्या घरी एसी आहे त्यांनी यंदा दारात माठ ठेवावा, झाकण आणि लांब दांड्याच्या ओगराळ्यासह. पाणी रोज बदलायचं. ज्यांना माठ हवा असेल त्यांनी गुरुवारच्या आरतीनंतर सेवेकऱ्यांना सांगावं.

🙏 जय गुरुदेव 🙏