त्या सात जणांची नावे



पुनरुत्थान काळातील ह्या पाचव्या रविवारी आपण 'प्रेषितांची कृत्ये' ह्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातून पहिले वाचन ऐकतो. वाचन लहान आहे आणि त्याची सुरुवात चक्क कुरकुरीने होते. यरुशलेममधील आरंभीच्या ख्रिस्तसभेत दोन तऱ्हेचे लोक होते. काही तिथल्याच मातीतले, तिथली भाषा बोलणारे. काही परमुलखात वाढून आलेले, ग्रीक बोलणारे. रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ह्या ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती. पवित्र आत्म्याचे आगमन झाले होते, लोक जमिनी विकून पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवत होते, तरीही वाढताना आपला-परका झालाच! संत लूकने ही गोष्ट झाकून ठेवली नाही, ह्याचे आम्हांला फार कौतुक वाटते.

प्रेषितांनी चौकशी समिती नेमली नाही की तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवले नाही. त्यांनी सात माणसे निवडायला सांगितली. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकनोर, तीमोन, पार्मिना आणि निकलाव. ही सर्व नावे ग्रीक आहेत. निकलाव तर जन्माने यहूदीही नव्हता. तो अंत्युखियाचा, यहूदी धर्म स्वीकारलेला. नुसत्या नावावरून माणसाची भाषा ठरत नाही, हे खरे. बारा प्रेषितांतही अंद्रिया आणि फिलिप्प ही ग्रीक नावे आहेतच. पण सातच्या सात? ज्यांच्या ताटात कमी पडत होते, त्यांच्याच माणसांच्या हाती पळी दिली गेली असे दिसते. आणि केवळ त्यांच्या विधवांसाठी नव्हे, सर्वांसाठी.

हे वाचन ऐकताना आम्हांला 2020 सालच्या टाळेबंदीची आठवण होते. आपल्या धर्मग्रामात गरजू कुटुंबांना धान्य द्यायचे ठरले. यादी तयार झाली ती चर्चच्या कौटुंबिक नोंदवहीवरून. हेतू चांगला होता, घाईही होती. तिसऱ्या दिवशी दृढीकरणाच्या वर्गातली एक मुलगी कार्यालयाच्या दारात येऊन उभी राहिली. तिचे आईवडील झारखंडहून आलेले, घरात सादरी बोलतात. ती मात्र इथेच जन्मली, शाळेत हिंदी शिकली आणि बाजारात अस्सल वसईची मराठी बोलते. तिने हळू आवाजात विचारले, "फादर, स्टेशनकडच्या खोल्यांतल्या लोकांची नावे यादीत नाहीत का?" नव्हती. भाडेकरूंची नोंद आपण कधी केलीच नव्हती. दर अकरा महिन्यांनी खोली बदलणाऱ्या माणसाचे नाव कुठल्या आळीत लिहायचे, हा प्रश्न आपल्या वहीला कधी पडलाच नव्हता.

मग तिने आणि तिच्याबरोबरच्या दोन मुलांनी, त्यातला एक तमिळ कुटुंबातला, दोन दिवसांत नवी यादी केली. कुणाच्या घरी तान्हे मूल आहे, कोण चूल पेटवू शकत नाही, कुणाला भीक मागितल्यासारखे वाटेल म्हणून पिशवी अंधार पडल्यावर न्यावी, हे सारे त्यांना ठाऊक होते. यादीत ख्रिस्ती होते तसे हिंदू आणि मुसलमानही होते. आम्ही थक्क झालो.

गोष्ट इथेच संपली असती तर आम्ही ती अभिमानाने सांगितली असती. टाळेबंदी उठली, पुढे युवक मंडळाची कार्यकारिणी निवडली गेली. त्या तिघांपैकी एकाचेही नाव नव्हते. खजिनदारपदासाठी त्या मुलीचे नाव कुणीतरी सुचवले होते. त्यावर एक वडीलधारे एवढेच म्हणाले, "मुलगी चांगली आहे, पण कुठल्या आळीची?" कुणी रागावले नाही, भांडण झाले नाही. आम्हीही त्या बैठकीत होतो आणि आम्हीही काही बोललो नाही. नंतर तिला सणाच्या नाचात आदिवासी गाण्यासाठी बोलावले गेले. ती आली, नाचली, टाळ्या पडल्या. त्यानंतर ती बैठकांना आलेली नाही. रविवारी मिस्साला मागच्या बाकावर असते.

आपल्याला वैविध्य आवडते ते रंगमंचावर. कपाटाची किल्ली द्यायची वेळ आली की आपल्याला आळी आठवते.

आणि हे वसईच्या माणसाने करावे, ह्याचे अधिक वाईट वाटते. संत गोन्सालो गार्सिया आपल्याच वसईचे, 1557 च्या सुमारास जन्मलेले. वडील पोर्तुगीज, आई इथली. कोवळ्या वयात ते जेज्विट धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. तिथली भाषा अशी शिकले की जपानी माणसांशी त्यांच्यातलेच होऊन बोलत. जेज्विट संघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र पूर्ण झाली नाही. काही काळ व्यापार केला, मग मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांना बंधू म्हणून स्वीकारले. 1593 साली त्याच संघाचे धर्मगुरू जपानचा सत्ताधीश हिदेयोशी ह्याच्याकडे गेले, तेव्हा दुभाषा म्हणून सोबत होता हा वसईचा मुलगा. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे त्यांना क्रूसावर मारण्यात आले. दोन भाषांच्या मध्ये वाढलेल्या मुलाला आपण 'धड इकडचा ना तिकडचा' म्हणतो. गोन्सालो तसेच होते.

आज आपल्यापैकी कित्येकांची मुले कॅनडात, ऑस्ट्रेलियात, आखातात आहेत. तिथल्या चर्चमध्ये आपल्या मुलाला वाचन करायला दिले, गायनवृंदात घेतले, की आई चार घरी सांगत सुटते. इथे मात्र तमिळ वळणाचे मराठी वाचन ऐकून तीच आई शेजारणीला कोपर मारते. घरात जेवताना परप्रांतीयांविषयी आपण कोणते शब्द वापरतो, ते मुले ताटाबरोबर गिळतात. ह्यात आपल्या स्वतःच्या मुलांचेही नुकसान आहे. ज्याने पंधरा वर्षे फक्त आपल्याच आळीत पुढारपण केले, तो उद्या कंपनीत, महापालिकेत किंवा परदेशात दहा तऱ्हेच्या माणसांत उभा राहिला की गोंधळतो.

मराठी टिकावी, आमची कादोडी आणि वाडवळी टिकावी, ही तळमळ आम्हांलाही आहे. पण जी भाषा परक्याच्या मुलाने आपण होऊन उचलली, तिच्या दारात आपणच पहारा का बसवावा? त्या मुलीची मराठी ऐकून पाहा.

पोप फ्रान्सिस ह्यांनी 2019 साली युवकांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात युवकांचे काम युवकांनीच पुढे न्यावे, असा आग्रह धरला होता. सोबत कुणीतरी वडीलधारे हवेच. पहिल्या वर्षी हिशेब चुकतील, पावत्या हरवतील. शेजारी बसून दाखवावे, वही ओढून घेऊ नये. स्तेफन आणि फिलिप्प ह्यांना वाढपासाठीच निवडले होते. पुढे स्तेफन पहिला रक्तसाक्षी झाला आणि फिलिप्पने शोमरोनात सुवार्ता नेली. वाढप सोपवताना प्रेषितांना ह्याची कल्पना असेल, असे आम्हांला वाटत नाही.

युवक मंडळाची नवी कार्यकारिणी येत्या रविवारी साडेआठच्या मिस्सानंतर निवडली जाणार आहे. स्टेशनकडच्या खोल्यांत बैठकीचा निरोप घेऊन ह्या आठवड्यात आम्ही स्वतः जाणार आहोत. त्या मुलीच्या घरी आधी जाऊ. तिची क्षमा मागायची आहे.